परड्याला 'बारा' नाही

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आपल्या भागात जेवढा जीव असतो, तेवढा दुसऱ्या कुठल्या कागदावर नसेल. सोयरीक जमवताना तो विचारतात, सोसायटीचे कर्ज काढताना तो लागतो आणि भावाभावांत बिनसले की पहिली धाव तोच काढायला असते. या उताऱ्याचे दोन भाग असतात. 'सात' मध्ये जमीन कोणाची ते लिहिलेले असते, 'बारा' मध्ये तीत काय पिकते ते. गावठाणातल्या घरांना मात्र सातबारा नसतो. तिथे मिळकत पत्रिका असते आणि तीत मालकाचे नाव नि चौरस मीटर असतात. म्हणजे घरामागच्या परड्याला एक प्रकारे 'सात' मिळाला, 'बारा' मिळाला नाही. तिथे काय उगवते, कोण उगवते, किती माणसे ते खातात, याची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही. आणि नोंद नाही म्हणून आपण सगळे त्या जागेला खुशाल 'रिकामी जागा' म्हणतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की ही जागा रिकामी नाही, आणि तिला रिकामी म्हणण्याचा तोटा आपल्याला सोसावा लागतो.

परडे म्हणजे बाग नव्हे, हे आधी सांगायला हवे. बाग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ, गुलाबाच्या कुंड्या आणि रबरी नळी येते. अर्जातल्या 'छंद' या रकान्यात 'बागकाम' लिहिणारे पुष्कळ असतात. माझ्या आईला छंद विचारला तर तिला प्रश्नच कळणार नाही. न्हाणीचे पाणी जिथे जाते तिथे तिचा अळू आहे. अळवाच्या पलीकडे केळ. शेवगा कुंपणाला, कढीपत्ता मागच्या दाराशी, दोडक्याचा वेल गोठ्याच्या छपरावर आणि घेवड्याला काटक्यांचा मांडव. मधूनमधून झेंडू नि अबोली. कोणाचे पाणी कोणाला, कोणाची सावली कोणावर, हे सगळे ठरलेले आहे. नकाशा कुठेही काढलेला नाही.

याला पंचांगही आहे. अक्षय तृतीयेला आळी करायची आणि वेलांच्या बिया टोचायच्या, ही आपल्याकडची जुनी चाल. त्या दिवशी लावलेला वेल भरभरून येतो असे म्हणतात. त्यात श्रद्धा किती नि अनुभव किती याचा वाद घालता येईल, पण मृगाच्या आधी वेल मुळे धरून उभा राहिला तर पुढचा पाऊस त्याला मानवतो, एवढे शहाणपण त्यात नक्की आहे. मृगापर्यंत एकेक तांब्या पाणी जपून घालायचे. मग पाऊस लागला की काळी माती पायाला चिकटते, पाणी तुंबते, मिरचीची रोपे मान टाकतात आणि गोगलगायी रातोरात कोवळी पाने फस्त करतात. श्रावणात दोडका इतका येतो की शेजारणी नको म्हणतात. थंडीत घेवड्यावर मावा पडतो, मग चुलीतली राख उधळायची. चैत्रात सगळे वाळते, आणि आई वाळलेल्या दोडक्यातले बी काढून फडक्यात बांधून ठेवते. त्या फडक्याच्या गाठीत पुढचे वर्ष असते.

भाद्रपदातल्या ऋषिपंचमीचा विचार मला या बाबतीत फार मोलाचा वाटतो. त्या दिवशी बायका बैलाच्या श्रमाचे काही खात नाहीत. नांगरल्या शेतातले चालत नाही, हाताने लावलेले नि आपोआप उगवलेले तेवढे चालते. आमच्या प्राध्यापकांना यात सोवळेपणा दिसेल आणि तो आहेही. पण दुसऱ्या बाजूने पाहावे. वर्षाचे निदान एक जेवण नांगराशिवाय, केवळ बाईच्या हाताने पिकलेल्या मालावर निघते की नाही, याची ती परीक्षा आहे. ज्या घरामागे परडे नाही ते घर या परीक्षेला बाजारातून पेंढी विकत आणून बसते.

सह्याद्रीच्या पलीकडे याच गोष्टीला वेगळे रूप आहे. माझी मावशी मालवणच्या बाजूला समुद्राजवळ नांदते. तिच्या घराभोवती चिऱ्याचा गडगा, आत माड, पोफळी, केळी नि भाजीचे वाफे. पाहणाऱ्याला वाटते की कोकणात काय, काडी रोवली की झाड होते. प्रत्यक्षात तिथे दुसरेच दुखणे आहे. आमच्याकडे पाणी तुंबते म्हणून आई रडते, तिच्याकडे पाणी थांबतच नाही. वाळूमिश्रित जमीन, ओतलेले पाणी घटकेत खाली. पावसाळ्यात खत वाहून जाते आणि समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने पानांची टोके भाजल्यासारखी करपतात. म्हणून तिने वाऱ्याच्या बाजूला आधी दणकट झाडांची रांग धरली आणि तिच्या आडोशाला वांगी-मिरची. दिवाळीनंतर लाल माठ नि मुळा पेरायचा, सकाळ-संध्याकाळ शिंपायचे, उन्हाळ्यात विहिरीचे पाणी मचूळ होऊ लागले की फक्त झाडे जगवायची. त्यात माकडांची टोळी आली की एका सकाळी महिन्याचे काम उधळले जाते. तरी मासे धुतलेले पाणी मोरीत न सांडता ती ठरलेल्या झाडाच्या मुळाशी घालते. आई आणि मावशी एकाच घरातल्या, एकाच आईच्या हाताखाली शिकलेल्या. एक काळ्या मातीचे शास्त्र शिकली, दुसरी वाळूचे. दोघींनाही कोणी प्रमाणपत्र दिले नाही.

आता तोट्याकडे वळते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागातल्या नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. सरकारने फळबागांसाठी मदत जाहीर केली ती हेक्टरी ५०,००० रुपये. आकडा ऐकायला मोठा. पण किनाऱ्यावरची वाडी हेक्टरात नसते, ती घराला लागून काही गुंठ्यांत असते. हेक्टर म्हणजे सुमारे शंभर गुंठे. पाच गुंठ्यांच्या वाडीला या हिशेबाने अडीच हजार रुपये येतात. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच-सात वर्षे जातात, माडालाही तेवढीच किंवा जास्त. ओरड झाल्यावर पुढे झाडामागे मदत ठरली, नारळाला २५० रुपये आणि सुपारीला ५०. रक्कम पुरेशी होती का, हा वाद बाजूला ठेवू. मला महत्त्वाचे वाटते ते हे की ज्या मापाने आपण उसाचा फड मोजतो त्या मापाने घराभोवतीची वाडी मोजताच येत नाही, हे कळायला एक वादळ यावे लागले. आपल्याकडे २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये महापूर आले. पंचनाम्यात पीक येते, पडलेले घर येते, वाहून गेलेले जनावर येते. परड्यातला शेवगा नि फडक्यात बांधलेले बी कोणत्या रकान्यात लिहिणार?

अर्थशास्त्राच्या तासाला राष्ट्रीय उत्पन्न शिकताना मला एक गंमत कळली. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे घरी खाण्यासाठी पिकवलेला मालसुद्धा उत्पादनात धरायचा असतो, पण घरच्यांसाठी केलेला स्वयंपाक धरायचा नसतो. म्हणजे आईने वेलावरून तोडलेला दोडका हे उत्पादन आणि त्याची चुलीवरची भाजी हे काहीच नाही! तोडलेल्या दोडक्याला पुस्तकात तरी जागा आहे. पण तो मोजायला आमच्या गल्लीत कोणी येत नाही. देशात २०१९ साली माणसे आपला वेळ कसा घालवतात याची पाहणी झाली. घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि असे काम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटे, असे दिसले. पाच तास ही काही लपून राहण्याजोगी गोष्ट नाही. तरी ती पाहणी होईपर्यंत तो आकडा कोणाच्या तोंडी नव्हता.

कोणी म्हणेल की चार वेलांचे एवढे काय कौतुक. त्याला माझ्याकडे दोन उत्तरे आहेत आणि पहिले आपल्याच जिल्ह्यातले आहे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारे श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब नीट जगू शकते, हे ते हिशेबाने मांडत. पानावर पडणारे ऊन हेच खरे भांडवल, ते वाया जाऊ द्यायचे नाही, असा त्यांचा विचार. २००१ साली ते गेले. त्यानंतर लवकरच मुंबईत, अगदी समुद्राच्या काठी, त्या वेळच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी त्यांच्याच पद्धतीने स्वयंपाकघरातल्या टाकाऊ मालाची माती करून भाज्या नि फळझाडे वाढवली. गारगोटीच्या गणिताला बंदराच्या गच्चीवर फळे आली. दुसरे उत्तर अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावठी बियाणे जपले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आईच्या फडक्याच्या गाठीत जे असते तेच त्यांच्याकडे होते. फरक एवढाच की त्यांच्या कामाची नोंद झाली.

हा विषय माझ्यापुरता केवळ वादाचा नाही. कागलजवळ पंचतारांकित औद्योगिक वसाहत झाल्यापासून भाड्याच्या खोल्यांना मागणी आहे. आमच्या गल्लीतल्या बऱ्याच परड्यांवर सिमेंट पडले. आता आमच्या घरात तोच विषय आहे. आप्पा म्हणतात, "मागं रिकामी जागा पडलीया, चार खोल्या काढू." आई म्हणते, "रिकामी कुठं हाय? पाय ठेवायला जागा न्हाई तिथं." आप्पांना मी दोष देत नाही. आमच्या घरातली कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, आणि त्या भाड्यातून माझ्या पुढच्या शिक्षणाची फी निघणार आहे हे मला ठाऊक आहे. पण वाद एकतर्फी होतो तो असा की भाड्याला आकडा आहे आणि परड्याला नाही. आकड्यापुढे आईचे वाक्य टिकत नाही.

म्हणून मी गेल्या वर्षी मृगापासून संक्रांतीपर्यंत एक वही ठेवली. त्यात पैसे लिहिले नाहीत, वेळा लिहिल्या. दोडका घरात २६ वेळा शिजला, १९ वेळा शेजारी गेला. अळू १४ वेळा. शेवग्याच्या पाल्याची भाजी ११ वेळा, त्यातली बहुतेक महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. घेवडा २२ वेळा. हार विकत आणावा लागला तो फक्त दोनदा. ती वही मी आप्पांच्या हाती दिली. ते बराच वेळ चाळत होते. शेवटी म्हणाले, "शेवटच्या आठवड्यात पाला, व्हय?" एवढेच. पण खोल्यांचे बोलणे चारावरून दोनावर आले आहे.

कागलच्या मळ्याला आनंद यादवांसारखा लेखक मिळाला. १९८७ च्या 'झोंबी'ने मळ्यातले कष्ट नि शाळेसाठीची ओढ साऱ्या महाराष्ट्राला कळवली, १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. परड्यासाठी मी तेवढे मोठे मागत नाही. मी मोजणी मागते. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना आहे. दरवर्षी शिबिरात आपण रस्ते झाडतो, खड्डे खणतो. एका वर्षी शंभर घरांमागची परडी मोजावीत. कोणती झाडे, कोणते बी, किती वर्षांचे, पाणी कुठून, काम कोण करते, किती जेवणे निघतात. अर्थशास्त्राचे विद्यार्थी हिशेब करतील, मराठीचे विद्यार्थी भाज्यांची आणि बियांची गावठी नावे टिपतील, भूगोलवाले नकाशे काढतील. शाळांच्या पोषण आहारासाठी सरकार स्वतःच शाळेत परसबागा करायला सांगते. मग जिथे ती आधीपासून आहे, ती मोजायला हरकत कसली?

मोजल्यावरही एखाद्या घराला खोल्याच बांधाव्याशा वाटल्या तर त्यांनी अवश्य बांधाव्यात. गरज मोठी असते आणि तिच्यापुढे शेवगा तोडावा लागतो. पण त्या वेळी काय तोडले ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे. रिकामी जागा भरली, असे कोणी म्हणू नये.