गिटारमध्ये जाझचा आवाज कुठून येतो?

खामगावकडच्या एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. तो गाण्याच्या पार्टीत गिटार वाजवतो. चौदा एप्रिलपासून पुढे मेहकर, चिखली, देऊळगाव राजा असे कार्यक्रम असतात, बाकीचे दिवस मजुरी. मोबाईलवर त्याने जाझ गिटार ऐकली आणि तो मऊ, गोल, दबका आवाज त्याच्या डोक्यात बसला. त्याच्या गिटारवर मात्र तारा पत्र्यासारख्या वाजतात. दुकानदार म्हणतो, त्यासाठी पोकळ अंगाची गिटारच पाहिजे, हप्त्याने देतो. घ्यावी काय, असा त्याचा प्रश्न आहे.

भाऊ, एवढ्यात हप्ता बांधून घेऊ नका. आधी हे वाचा.

हलगी आपण सर्वांनी ऐकली आहे. काठाजवळ काडी लागली की ती कडाडते, मध्याकडे थाप पडली की घुमते. चामडे तेच, जागा वेगळी. तारेचेही तसेच आहे. घोडीजवळ तार फार कमी हलते, तिथे तिच्यातले बारीक उपस्वर ठळक ऐकू येतात. मानेकडे सरकत जाल तसा मूळ स्वर जाड होत जातो. इलेक्ट्रिक गिटारवर बहुधा दोन किंवा तीन पिकअप असतात. जाझवाले मानेजवळचा पिकअप वापरतात, आणि तारही मानेकडे सरकूनच छेडतात. मग टोनचे बटण थोडे मागे फिरवतात. त्या बटणामागे एक छोटा कपॅसिटर असतो, तो वरचे तीक्ष्ण उपस्वर अर्थिंगकडे वळवून देतो. बटण पूर्ण मागे नेऊ नका, नाहीतर गोधडीखालून बोलल्यासारखे वाटते. अर्ध्यापर्यंत न्या आणि कानाला विचारा. यातल्या कशालाही एक पैसा लागत नाही.

तारांना मात्र थोडा पैसा लागेल. आपल्याकडचे बहुतेक मित्र इंचाच्या नऊ हजारांश जाडीच्या पहिल्या तारेचा संच लावतात. तो वाकवायला सोपा, पण आवाजाने बारीक. जाझवाले बारा किंवा तेराचा संच लावतात, आणि पुष्कळांच्या तारांवरचे वेष्टन गोल तारेचे नसून चपट्या पट्टीचे असते. या तारेवरून बोट सरकले तरी किरकिर होत नाही आणि उपस्वर लवकर विझतात. तुमच्या गिटारला एकदम बारा लावू नका. ताण वाढतो आणि स्वस्त गिटारची मान वाकते. अकराचा संच घ्या, त्यातली तिसरी तार वेष्टनाची मिळाली तर उत्तम. मान दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडून आतला सळईचा स्क्रू तपासून घ्या.

आता पोकळ अंगाबद्दल. दुकानदार अगदीच खोटे बोलत नाही. १९३६ साली अमेरिकेत गिब्सन कंपनीने ईएस-१५० नावाची पोकळ इलेक्ट्रिक गिटार काढली. त्याआधी मोठ्या बँडमध्ये ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या गर्दीत गिटार ऐकूच येत नसे. ती फक्त ठेका धरायची. ही नवी गिटार चार्ली ख्रिश्चनच्या हाती पडली. तो ओक्लाहोमा शहरात वाढलेला कृष्णवर्णीय मुलगा. वडील आंधळे, मुलांना घेऊन रस्त्यावर वाजवून पोट भरत. सिगारच्या खोक्यांपासून गिटार बनवणारा हा पोरगा १९३९ साली बेनी गुडमनच्या नावाजलेल्या बँडमध्ये गेला आणि सॅक्सोफोनवाला जशा लांब, वळणदार ओळी फुंकतो तशा ओळी एकेका तारेवर वाजवू लागला. पोकळ लाकडात स्वर चटकन उमलतो आणि चटकन विरतो, म्हणून त्या ओळी सुट्या सुट्या, बोलल्यासारख्या ऐकू येतात. १९४२ साली क्षयाने तो गेला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. आपण ज्याला आज जाझ गिटारचा आवाज म्हणतो, त्यातला मोठा भाग या मुलाच्या दोन-अडीच वर्षांच्या कामातून आला आहे.

दुसरे नाव वेस मॉन्टगोमेरी. इंडियानापोलिसचा हा माणूस दिवसा कारखान्यात काम करायचा आणि रात्री क्लबमध्ये वाजवायचा. घरी सराव करताना आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून त्याने प्लेक्ट्रम ठेवून दिले आणि अंगठ्याच्या मांसल भागाने तार छेडू लागला. एकतारी आपण अशीच, बोटाच्या मांसाने छेडतो. प्लॅस्टिकचा तुकडा तारेला टोचतो, मांस तिला ढकलते. शेजाऱ्यांच्या झोपेसाठी केलेली ती सोय पुढे जगभर त्याची ओळख ठरली.

पण पोकळ गिटार हीच अट असती तर कॅनडाचा एड बिकर्ट कुठे बसवायचा? तो भरीव लाकडाची टेलिकास्टर वाजवत असे, रॉकवाल्यांची गिटार, आणि ऐकणाऱ्याला शंका येत नसे की हे जाझ आहे. उलट बाजूला जँगो राइनहार्ट. युरोपातल्या रोमा भटक्या जमातीचा हा वादक. १९२८ साली आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली. त्याचा आवाज मुळीच मऊ नाही, खणखणीत आहे. तरी तो जाझच. तेव्हा आवाज फक्त यंत्रातून येत नाही, हे ध्यानात घ्या.

१९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय वादकाचा बँड हे संगीत वाजवू लागला. त्या काळी अमेरिकेतल्या कितीतरी हॉटेलांत असे वादक मंचावर चालत, पण पाहुणे म्हणून दारात चालत नसत. आमच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. मुंबईच्या गोवेकर वादकांनी ही विद्या उचलली. ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट पुढे पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर काम करू लागला आणि १९५१ च्या 'अलबेला' मधून ते सूर गावोगावच्या टूरिंग टॉकीजपर्यंत पोचले. गिटारमध्ये नाव घ्यावे ते अमान्सियो डिसिल्वा यांचे. मुंबईत १९३६ साली जन्मलेले हे गोवेकर वादक १९६७ च्या सुमारास लंडनला गेले आणि १९६९ साली जमैकाच्या जो हॅरियटबरोबर 'हम दोनो' ही तबकडी काढली. ती मिळवून ऐका. गिटार जाझची आहे, पण ओळींचे वळण आपल्याकडचे आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे कॉर्ड. सा-ग-प धरून जोरात छेडले तर कोणत्याही गिटारवर ते भजन किंवा रॉकच वाटेल. जाझवाला त्यात कोमल निषाद घालतो, वर रिषभ घालतो, आणि षड्ज बहुतेक वेळा सोडूनच देतो, कारण तो बेसवाला वाजवतोच आहे. असे जवळजवळचे स्वर विकृत आवाजात एकमेकांना खातात. डिस्टॉर्शनचे पेडल लावले की स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवेच भलते स्वर तयार होतात आणि सगळा चिखल होतो. म्हणूनच जाझमध्ये अॅम्प्लिफायर स्वच्छ ठेवतात. तेव्हा तुमच्या पेटीतली सगळी पेडले आधी काढून ठेवा.

पांढरी एक षड्ज धरून हे करून पाहा: चौथ्या तारेवर दुसरा पडदा, तिसरीवर तिसरा, दुसरीवर तिसरा. बाकी तारा बंद. ग, कोमल नि, रे. अंगठ्याने हळू छेडा. बेसवाल्या मित्राला खाली सा धरायला सांगा. मग दोन मात्रांमधली पहिली थोडी लांब आणि दुसरी तोकडी करा. हा झोल ढोलकीवाल्याला तोंडाने सांगू नका, तुम्ही वाजवा, तो आपोआप धरेल. पार्टीत एखाद्या संथ गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये हे बसते. जलद गाण्यात बसवायला जाऊ नका, लोकांना नाचायचे असते.

पंधरा दिवस रोज अर्धा तास हे केल्यावरही पोकळ गिटार हवीशी वाटली तर जरूर घ्या, पण रोखीने, आणि दुकानात तिच्यावर हीच तीन बोटे ठेवून पाहिल्यावर. आणखी एक लक्षात असू द्या. उघड्या मैदानातल्या मोठ्या साउंड सिस्टिमपुढे ती गिटार शिट्टी मारू लागते, कारण पोकळ अंग स्पीकरचा आवाज पुन्हा आत ओढून घेते. तुमची सध्याची भरीव गिटार तिथे पुष्कळ शहाणी आहे.