लस कोणती, हे गोठ्यावर ठरू द्या, दप्तरात नको



मृग कोरडा गेला तर आपण आभाळाला दोष देतो. पण मृगाच्या तोंडावर जोडीतला एक बैल घटसर्पाने गेला तर दोष कुणाला द्यायचा? एक बैल गेला म्हणजे अर्धी जोडी गेली असे नव्हे, सगळीच गेली. उरलेला एकटा बैल तिफण ओढत नाही. भाड्याची जोडी आणि ट्रॅक्टर त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या वावरात अडकलेले असतात. कोरडवाहूत पेरणी आठ दिवस मागे पडली की ती वर्षभर मागेच राहते. आणि हे सगळे टाळणारी लस दवाखान्याच्या फ्रीजमध्ये पडून असते!

आम्ही शेतकी कॉलेजात पिके शिकलो, जनावरांचे डॉक्टर नव्हे. पण गावोगाव फिरताना एक गोष्ट कायम पाहिली. कपाशीवर कोणते औषध मारायचे ते दुकानदार ठरवतो आणि जनावराला कोणती लस टोचायची ते दप्तर ठरवते. ज्याचे वावर आणि ज्याचा गोठा, त्याला कुणी विचारत नाही.

एका गावात आम्ही स्वतः उभे होतो. जुलै निम्मा सरला होता, पाऊस लागून गेला होता. लस आली ती मोटारसायकलला अडकवलेल्या पिशवीत. बर्फाचे पाणी झाले होते. आखरावर जमतील तेवढी जनावरे टोचली, दोन तापलेलीही त्यातच टोचली, रजिस्टर भरले, टार्गेट पुरे झाले. त्या पावसाळ्यात तिथे फऱ्याने गोऱ्हे गेले, ते लस घेतल्याच्या नोंदीसकट गेले. पुढच्या वर्षी गावकरी म्हणाले, "लशीने काही होत नाही." लस बिचारी काय करील? तिला २ ते ८ अंश थंडावा लागतो, आणि टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. घर पेटल्यावर विहीर खणणाऱ्यांनी विहिरीला नावे ठेवू नयेत.

दुसरी बाजूही पाहा. कुणी दोन संकरित गायी घेतल्या की दुकानदार लगेच सात लशींची यादी हातात देतो. जे फुकट मिळते तेही त्यात विकतचे असते, आणि ज्याची गरज नाही तेही. सरकारचे टार्गेट आणि दुकानाची यादी या दोन्हींच्या मध्ये आपले डोके वापरायला जागा आहे. ती आपण वापरायची. म्हणून हिशेब मांडू.

घटसर्प आणि फऱ्या या दोन लशी प्रत्येक गोठ्याला हव्यातच. घटसर्पात घसा सुजतो, घरघर लागते आणि एक-दोन दिवसांत जनावर जाते. डॉक्टर येईपर्यंत खेळ संपतो. फऱ्या नेमका सहा महिने ते दोन वर्षांच्या अंगाने भरलेल्या गोऱ्ह्या-कालवडींना धरतो, म्हणजे उद्याच्या जोडीलाच. दोन्ही पावसाळ्याचे रोग आहेत, म्हणून दोन्ही लशी मे महिन्यात पडल्या पाहिजेत. जंताचे औषध त्याआधी पंधरा दिवस. या लशी आपल्याच राज्याच्या औंध, पुणे येथील संस्थेत तयार होतात. परदेशातून जहाज यायचे आहे, ही सबब चालणार नाही.

लाळ्या-खुरकूत, म्हणजे आपली तोंडखुरी-पायखुरी. तिने मोठे जनावर सहसा मरत नाही, म्हणून आपण ती हसण्यावारी नेतो. पण गाय आटते, आणि बरा झालेला बैलही पुढे उन्हात धापा टाकतो, औताला कामाचा राहत नाही. ही लस दर सहा महिन्यांनी हवी. वासराला चौथ्या महिन्यात पहिली आणि महिन्याने दुसरी मात्रा. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये या रोगासाठी आणि ब्रुसेलासाठी पाच वर्षांचा १३,३४३ कोटी रुपयांचा कार्यक्रम जाहीर केला. ते पैसे आपलेच होते. मग लस आपल्या गोठ्यापर्यंत वेळेवर का येत नाही, हे विचारणे हा आपला हक्क आहे.

ब्रुसेला, म्हणजे गाभडण्याचा रोग. लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-वगारींना, जन्मात एकदाच. गोऱ्ह्याला नाही, गाभण जनावराला नाही. हा रोग माणसालाही होतो. गाभडलेल्या गाईची वार उघड्या हाताने उचलणारी आपलीच घरची बाई असते. तिला महिनोन्महिने उलटून येणारा ताप आला तर तो कोणत्या रजिस्टरात लिहिणार?

लंपी आपण विसरणार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून ती राज्यभर पसरली, जनावरांचे बाजार बंद पडले. तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना टोचून साथ रोखावी लागली. ती वर्षातून एकदा, माश्या-डास वाढण्याआधी घ्यावी.

उरल्या दोन. गोचीड तापाची लस संकरित जनावरांसाठी. गावरान बैलाला तिचा खर्च करू नका, गोचीड मारा. पण संकरित गाय बांधली असेल तर डॉक्टरांना विचारून घ्याच. २००६ च्या पॅकेजात विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत दुभती जनावरे वाटली. चारा, पाणी, डॉक्टर यांचा विचार मागाहून! कित्येकांनी ती विकून टाकली. तो धडा पुरे आहे. आणि काळपुळीची लस जिथे रोग होऊन गेला त्याच गावात. तिथे मेलेले जनावर फाडू नका, खोल पुरा. रोगाचे बीज मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते.

आता आपल्या घरचे ऐका. "लस टोचली की दूध आटते" म्हणून जनावर रानात हाकलणारे आपल्यातच आहेत. दूध एक-दोन दिवस कमी होते, हे खरे. टोचल्या जागी गाठ येते, हेही खरे. पण दोन दिवसांचे दूध आणि हंगामभराचे दूध यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने सावकाराला शिव्या देऊ नयेत. गाभण जनावर शेवटच्या महिन्यांत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. जनावर लपवू नका.

या जिल्हा बैठकीत आम्ही चार मागण्या ठरावासाठी ठेवत आहोत.

१. घटसर्प-फऱ्याची लस ३१ मेच्या आत गावात. तारीख आठ दिवस आधी चावडीवर लागावी.

२. बर्फाची पेटी शेतकऱ्यांसमोर उघडावी. बाटलीचा बॅच नंबर आणि मुदत प्रत्येकाच्या कार्डावर लिहावी.

३. प्रत्येक जनावराला वेगळी सुई. आजारी जनावराला टोचून आकडा वाढवू नये.

४. 'दुभते जनावर' ही भाषा बंद करा. कापूस-ज्वारीच्या मुलखात बैल हेच पहिले धन. लशीच्या यादीत बैल आणि गोऱ्हे आधी धरा.

आणि एक काम आपले. अक्षय तृतीयेला सालगड्याचा हिशेब करतो, त्याच दिवशी गोठ्याचाही करा. बैल किती, गोऱ्हे किती, कालवडी किती महिन्यांच्या, संकरित कोणती, मागची लस कधी. एका वहीच्या पानावर मावते. ते पान घेऊन पाच-पन्नास जण एकदम दवाखान्यात गेलो की टार्गेट आपोआप आपल्यामागे येईल. हात जोडून जायचे नाही. वही उघडून जायचे.