पहिला कॅमेरा आणि आपली माणसे

— एक विद्यार्थी, बी. ए. भाग २

आपल्या महाविद्यालयात हल्ली छायाचित्रणाची आवड वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. काहींना तर मोबाईल बाजूला ठेवून जुन्या रोलच्या कॅमेऱ्याची ओढ लागली आहे. मीही त्यांतलाच. परंतु कॅमेरा म्हटला की आपल्या भागातील मुलाच्या डोळ्यांपुढे आधी ताडोबाचा वाघ येतो आणि पाठोपाठ हातभर लांबीची लेन्स. ज्याच्याजवळ पैसा मोजका आहे, त्याने या लेन्सच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आईबाप तेंदूपत्ता तोडून शिकवीत असतील तर रुपयाचा हिशेब ठेवलाच पाहिजे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल आता इतिहासजमा झाला. आज मिळणारे बहुतेक रोल परदेशी व महाग. त्यात फोटो अवघे ३६, आणि धुलाईचा खर्च निराळा. म्हणून जवळच्या पैशाचे तीन भाग करावेत. दोन भागांत कॅमेरा व लेन्स बसवावी, तिसरा रोल व धुलाईसाठी राखावा. रोलविना कॅमेरा म्हणजे बैलाविना बंडी!

कॅमेरा जुना पण यांत्रिक शटरचा घ्यावा. १९७६ ते १९९७ या काळात निघालेला पेन्टॅक्स के-१००० हे त्याचे चांगले उदाहरण. त्यात सेल लागतो तो केवळ प्रकाशमापकाला; सेल संपला तरी शटर चालते. घेताना लेन्स उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी नाही ना, हे पाहावे. मागचे झाकण उघडून शटर एका सेकंदावर चालवून बघावे.

लेन्स एकच घ्यावी, ५० मि.मी.ची, एफ-१.८ किंवा एफ-२. ती स्वस्त मिळते आणि कमी उजेडात साथ देते. झूम लेन्सच्या एफ-५.६ पेक्षा एफ-१.८ मधून सुमारे दहापट प्रकाश आत येतो. मंडईच्या रात्री झाडीपट्टीचे नाटक टिपायचे तर हेच कामी येते. या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पण आपल्या गावच्या मंडपातील नटांचे फोटो किती जणांनी जपून ठेवले आहेत?

खरे कारण मात्र याहून मोठे आहे. लांब लेन्सने भामरागडच्या बाजारातील माडिया बाईचा फोटो तिला नकळत दुरून काढता येतो. ५० मि.मी.ने तसे जमत नाही. जवळ जावे लागते, बोलावे लागते, विचारावे लागते. ‘नाही’ म्हणण्याचा तिचा हक्क शाबूत राहतो. बाहेरून येणाऱ्यांना हे सुचत नसेल, पण आपल्याला तरी सुचायला नको काय?

कोणी म्हणेल, मोबाईल असताना हा खटाटोप कशाला? मोबाईल बिघडला की त्यातले फोटोही बहुधा जातात. निगेटिव्ह मात्र कोरड्या डब्यात वर्षानुवर्षे टिकते. आमच्या घरात आज्याचा एकच फोटो आहे, तोही मतदार ओळखपत्रावरचा. मोहफुले वेचण्यात ज्याची हयात गेली, त्याचा मोहाखालचा एकही फोटो नाही. अशी घरे आपल्यापैकी कितीतरी जणांची असतील.

दादासाहेब फाळके यांनी विमा गहाण टाकून १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून त्यांनी प्रथम चित्रित केले ते काय? कुंडीतल्या वाटाण्याचे उगवणे! विषय घरातच होता.

मित्रहो, एकट्याला परवडत नसेल तर चौघांनी मिळून एक कॅमेरा घ्यावा. प्राध्यापकवर्गाने पुढील अंकात अशा छायाचित्रांसाठी चार पाने राखावीत, ही नम्र विनंती. वाघाचे फोटो काढायला साऱ्या देशातून लोक येतात. आपल्या आजीसाठी कोणी येणार नाही. ते काम घरातल्या शिकलेल्या पहिल्या पिढीलाच करावे लागेल.