रेडिएटरातील पाणी जाते कोठे?

मारुती 800 चे उत्पादन 2014 साली थांबले. तथापि पुष्कळ घरी ती अजून अंगणात उभी आहे आणि रविवारी आजी-आजोबांना मिस्सेला नेण्याचे काम इमानाने करीत आहे. अशा गाडीच्या धन्याची एक नेहमीची तक्रार असते. दर आठवड्यास कूलंट कमी होते, जमिनीवर मात्र थेंबही दिसत नाही. मग तो मुकाट्याने पाणी ओतीत राहतो. हे ओतीत राहणेच घातक होय. चोर्ला घाटाच्या चढणीवर रेडिएटर कोरडा पडला, तर अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो.

तपास सकाळी, इंजिन पूर्ण थंड असता करावा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाब सुटताच उकळते पाणी तोंडावर उसळते.

पहिला संशय या झाकणावरच घ्यावा. ते आतील पाणी दाबाखाली ठेवते, म्हणून ते पाणी 100 अंशांवरही उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग सैल झाली किंवा रबर चिरले, की पाणी लवकर उकळते व वाफ वाटेतच निसटते. घरी थेंब दिसणार कोठून? नवे झाकण स्वस्त मिळते.

झाकण ठीक असल्यास होज पाइपांचे सांधे आणि वॉटर पंपाखालचे बारीक छिद्र पाहावे. तापल्या इंजिनावर झिरपलेले कूलंट वाळून जाते, पण पांढरा वा हिरवट डाग मागे ठेवते. गाडीत हीटर असल्यास पुढच्या सीटसमोरील गालिचाही चाचपावा.

तरीही काही न सापडल्यास मिस्त्रीकडून हातपंपाने दाब देऊन परीक्षा करवावी. काटा उतरतो आणि बाहेर गळती दिसत नाही, तर हेड गॅस्केटचा संशय बळावतो. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरातून पांढरा धूर येत राहणे, डिपस्टिकवरील ऑइल दुधाळ होणे, या तिच्या खुणा. मात्र पावसाळ्यात केवळ चर्चपर्यंत धावणाऱ्या गाडीत ऑइलच्या झाकणाखाली थोडा फेस साचतोच. तेवढ्यावरून कोणी हेड उघडू म्हणाला, तर होकार देऊ नये.

रेडिएटरात हळद टाकण्याचा जुना उपाय वाटेतल्या अडचणीपुरता ठीक; घरी पोहोचल्यावर मात्र रेडिएटर धुऊन घ्यावा, नाही तर त्याच्या बारीक नळ्या तुंबतात. सांडलेले कूलंट लागलीच भरपूर पाण्याने धुवावे. ते चवीला गोड, पण विषारी असते, आणि अंगणात मुले व कुत्री वावरत असतात.