दुपारची कादंबरी

भर मे महिन्यात जाडजूड वैचारिक ग्रंथ वाचणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे, हेवा मात्र मुळीच नाही. सिन्नरच्या उन्हात जेवणानंतर डोकं चालत नाही. तेव्हा चालते ती दोनेकशे पानांची कौटुंबिक कादंबरी. थोरला देवमाणूस, मधला बायकोच्या मुठीत, धाकटा वाया गेल्यासारखा वाटणारा पण ऐन वेळी उभा राहणारा, आणि आई कायम देवघरापाशी. शेवट काय होणार ते विसाव्या पानावरच कळतं, तरी पुस्तक खाली ठेववत नाही.

आमच्या गल्लीत ही कादंबरी वाचली गेली त्यापेक्षा ऐकली जास्त गेली. सिन्नर हे विड्यांचं गाव. दुपारी ओट्यावर बायका मांडीवर सूप घेऊन बसायच्या. भिजवलेलं टेंभुर्णीचं पान मापाने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांनी वळायचं, दोऱ्याचा वेढा द्यायचा आणि तोंड दुमडायचं. हात गुंतलेले, कान मोकळे. मग सुट्टीतलं एखादं रिकामं पोर पकडलं जायचं. ‘‘ए, ते पुस्तक घे, काल राहिलं तिथून वाच!’’

एका कादंबरीची सुरुवातीची पानंच गळालेली होती. नाव माहीत नाही, लेखक माहीत नाही, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. मधल्या सुनेने आपले दागिने कुलपात ठेवले, या प्रकरणाशी मात्र कात्र्या थांबल्या. ‘‘का नाही ठेवणार? माहेरचे आहेत तिच्या,’’ आत्या म्हणाली. लेखकाने मेहनतीने उभी केलेली खलनायिका ओट्यावर उभ्या उभ्या निर्दोष सुटली. मग बोलणं सरकलं ते कुणाची पाटली कुणाच्या दिराच्या फीसाठी मोडली याच्यावर. मी पुस्तकात बोट घालून तसाच बसलो. स्वतःच्या घराबद्दल जे उघड बोलता येत नाही, ते परक्या घराच्या नावाने बोलून घ्यायची ही सोय. समीक्षकांनी या पुस्तकांना नाकं मुरडली, पण त्यांनी ती अशा ओट्यावर ऐकली नसावीत.

कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांचंच घ्या. त्यांची पुस्तकं वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचली जात. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, तो थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि १९६९मध्ये ते सुटले. गंमत अशी की त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवरून राज खोसलांनी काढलेला ‘दो रास्ते’ पडद्यावर आला. ज्या लेखकाचं पुस्तक उशीखाली लपवायचं, त्याचीच गोष्ट बघायला सासू-सुना एका रांगेत बसल्या! त्यात बलराज साहनींचा सोसणारा थोरला भाऊ आणि घर फोडणारी श्रीमंत घरची सून बिंदू. सगळा दोष सुनेच्या माथी मारायची खोड तिथेही आहेच. बायकोचं ऐकून वेगळा होणारा नवरा जणू दुधपिता असतो. ही खोड मला खटकते, पण म्हणून रडायचं थांबत नाही.

हल्ली या कादंबऱ्यांची जागा टीव्हीवरच्या मालिकांनी घेतली. पण मालिका संपत नाही, हा तिचा मोठाच दोष. कादंबरी दिवेलागणीपर्यंत हातावेगळी होते. भांडण, वाटणी, आजारपण, समेट, सगळं चहाच्या आत.

माझी तक्रार वेगळी आहे. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून गेला. जमिनीचा मोबदला आला आणि त्यामागोमाग कितीतरी घरांत कादंबऱ्या सुरू झाल्या. एक भाऊ शेतावर, दुसरा माळेगावच्या एमआयडीसीत पाळीवर, तिसरा पुण्यात फ्लॅटचे हप्ते फेडणारा. वडिलांची सही थरथरते, आणि चौथ्या खोलीतली चुलती अचानक सगळ्यांनाच आवडू लागते. इतका मसाला असून एखाद्या लेखकाला हे सुट्टीत वाचण्याजोगं, हसतखेळत लिहावंसं कसं वाटत नाही? पहिलं प्रकरण तर तयारच आहे. हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या राखी पौर्णिमेच्या आधी घ्यायच्या की नंतर, यावर तिघे भाऊ पहिल्यांदाच एकत्र जेवायला बसलेत.