कट-ऑफ शून्यावर, फी मात्र जागच्या जागी



मागच्या आठवड्यात रक्तदाब तपासायला आलेले एक काका दंडावरचा पट्टा सोडवता सोडवता म्हणाले, "डॉक्टर, राग मानू नका, पण एमडीच्या प्रवेशाला तुमचे मार्क किती होते हो?" मी हसलो. त्यांनी मोबाईल पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मेसेज होता: 'उणे ४० गुण मिळवणारा आता तुमचे ऑपरेशन करणार!' आणि त्याखाली, नेहमीप्रमाणे, आरक्षणाच्या नावाने शिव्या.

काकांना दोन मिनिटांत जे सांगता आले नाही ते आज तुम्हाला सविस्तर सांगतो. त्या मेसेजमधला आकडा खरा आहे. दोष मात्र भलत्याच्या माथी मारला आहे, आणि त्या गोंधळात खरा लाभार्थी निवांत बसला आहे.

आधी परीक्षा समजून घ्या

एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला मेडिसिन, सर्जरी, बालरोग, भूल, रेडिओलॉजी अशा कोणत्याही विषयात एमडी किंवा एमएस करायचे असेल तर सहसा 'नीट पीजी' ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. २०० प्रश्न, ८०० गुण. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकले तर १ गुण कापला जातो.

प्रवेशाला पात्र ठरण्यासाठी किमान अट असते ती पर्सेंटाइलची. खुल्या प्रवर्गाला ५०, खुल्या प्रवर्गातील दिव्यांगांना ४५ आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांना ४०. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ५० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या निम्म्या उमेदवारांच्या पुढे असणे, एवढेच. २०२३ साली ही रेषा खुल्या प्रवर्गासाठी ८०० पैकी २९१ गुणांवर होती. म्हणजे जेमतेम ३६ टक्के. मूळ अट काही फार कडक होती असे कुणी म्हणू नये.

सप्टेंबर २०२३ मध्ये, प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतानाच, ही अट सर्व प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. शून्य पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला जो बसला तो पात्र. पुढच्या वर्षी ती आधी १५ आणि १० वर, मग ५ वर आली. जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा तेच. खुल्या प्रवर्गाची रेषा २७६ गुणांवरून १०३ वर घसरली आणि राखीव प्रवर्गांसाठी ती उणे ४० पर्यंत गेली. अपवाद म्हणून केलेली गोष्ट तीन हंगामांत रिवाज झाली.

उणे ४० म्हणजे काय?

समजा, वैद्यकशास्त्राचा गंध नसलेल्या माणसाने ही परीक्षा दिली. प्रश्न न वाचता प्रत्येक ठिकाणी चारपैकी एका पर्यायावर टिचकी मारली. सरासरीने त्याचे ५० प्रश्न बरोबर येतील आणि १५० चुकतील. ५० चोक २००, वजा १५०. हाती ५० गुण. सगळे प्रश्न सोडवून उणे ४० मिळवायचे तर ३२ बरोबर आणि १६८ चूक यायला हवेत. म्हणजे डोळे मिटून दिलेल्या परीक्षेपेक्षाही कमी.

इतके कमी गुण मिळालेले उमेदवार मूठभरच असतात आणि त्यांतल्या प्रत्येकाला जागा मिळते असेही नाही. पण किमान पात्रता ठरवणारी रेषा जर अंदाजपंचे उत्तरांच्याही खाली असेल, तर ती रेषा कशासाठी आहे, हा प्रश्न विचारायला डॉक्टर असावे लागत नाही.

मग ही अट का काढली?

सरकारचे आणि अट काढा म्हणणाऱ्यांचे उत्तर एकच असते: जागा रिकाम्या राहतात. जानेवारी २०२६ मध्ये १८ हजारांहून अधिक जागा रिकाम्या असल्याचे कारण पुढे आले. देशात तज्ज्ञ डॉक्टर कमी, आणि इकडे जागा वाया जातात, हे कसे चालेल?

ऐकायला पटते. पण साधा हिशेब करा. २०२३ मध्ये सुमारे दोन लाख उमेदवार परीक्षेला बसले. जुन्या अटीनेही त्यांतले निम्म्याहून अधिक, म्हणजे लाखभर तरी पात्र ठरतात. देशातल्या पदव्युत्तर जागा तेव्हा ७० हजारांच्या आसपास होत्या. लाखभर पात्र उमेदवार दारात उभे असताना जागा रिकाम्या राहत असतील, तर तुटवडा पात्र उमेदवारांचा खासच नाही. मग कशाचा?

रिकाम्या जागा दोन जातीच्या आहेत.

पहिली जात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र अशा विषयांची. या विषयांत एमडी केलेल्याला पेशंट तपासायचे नसतात, शिकवायचे असते. नोकऱ्या मोजक्या, पगार बेताचे. त्यामुळे पात्र उमेदवार या जागा घेत नाहीत. २०२२ मध्ये अशाच रिकाम्या जागांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तेव्हाच्या १,४५६ रिकाम्या जागांपैकी बहुसंख्य याच प्रकारच्या होत्या. न्यायालयाने आणखी एक फेरी घ्यायला नकार दिला. वैद्यकीय शिक्षणाच्या दर्जाशी तडजोड करता येणार नाही, त्याचा लोकांच्या आरोग्यावर परिणाम होतो, असे बजावले. पुढच्याच वर्षी कट-ऑफ शून्य झाला.

दुसरी जात खासगी महाविद्यालये आणि अभिमत विद्यापीठांतल्या महागड्या जागांची. सरकारी महाविद्यालयात वर्षाची फी लाखाच्या आसपास असते. अभिमत विद्यापीठात रेडिओलॉजी किंवा त्वचारोगासारख्या विषयाचा तीन वर्षांचा आकडा कोटीच्या घरात जातो. गुणवत्ता यादीत वर असलेल्या शिक्षकाच्या किंवा शेतकऱ्याच्या मुलीला ही जागा मिळू शकते, परवडू शकत नाही. ती ती सोडून देते, पुन्हा वर्षभर अभ्यास करते. जागा रिकामी दिसते, कारण तिच्या दारावर किमतीची पाटी आहे.

शंभर जणांचे गणित

समजा, १०० उमेदवार आहेत आणि १० महागड्या जागा आहेत. एक कोट रुपये भरू शकणारी घरे या शंभरांत फक्त १०. पात्रतेची रेषा मध्यावर असेल तर या दहांपैकी साधारण ५ पात्र ठरतील. पाच जागा भरतील, पाच रिकाम्या राहतील.

आता महाविद्यालयापुढे दोन वाटा आहेत. एक, फी खाली आणणे. म्हणजे रेषेच्या वरचे, पण कोट न परवडणारे ४५ जण त्या जागा घेऊ शकतील. दुसरी, रेषाच खाली आणणे; म्हणजे पैसे असलेले उरलेले पाचही पात्र होतील आणि फीला हात लावावा लागणार नाही.

माल खपत नसेल तर मंडईतला भाजीवाला संध्याकाळी भाव उतरवतो. इथे भाव तसाच ठेवला आणि गिऱ्हाइकाची अट काढून टाकली. कट-ऑफ उतरवण्याचा खरा फायदा कुणाला झाला, ते यावरून ओळखा.

आणि हे थांबवायचे मार्ग कायद्यात आहेत. खासगी महाविद्यालये आणि अभिमत विद्यापीठांतल्या ५० टक्के जागांच्या फीसाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरवण्याचा अधिकार २०१९ च्या कायद्याने राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला दिला. या निम्म्या जागांची फी सरकारी महाविद्यालयाइतकी असावी, असे आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये लिहूनही दिले. गुणांची अट एका पत्राने देशभर खाली येते. फी मात्र तशी येत नाही.

आता तुमच्या शंका

"डॉक्टर, हे सगळे एमबीबीएस पास आहेत ना? मग भीती कसली?" बरोबर आहे. एका परीक्षेच्या गुणांवरून कुणी वाईट डॉक्टर ठरत नाही. मलाही पहिल्या वर्षी हवी ती जागा मिळाली नव्हती. वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा द्यावी लागली. पण एमडीला प्रवेश घेतलेला विद्यार्थी वर्गात बसून शिकत नाही. पहिल्या आठवड्यापासून तो वॉर्डात असतो. रात्री दोन वाजता तुमच्या वडिलांना छातीत दुखते म्हणून मोठ्या रुग्णालयात नेले, तर ईसीजी आधी वाचणारा बहुधा तोच असतो. त्याला पायाभूत ज्ञान असावे ही अपेक्षा जास्त आहे का?

"पण शेवटी एमडीची परीक्षा पास व्हावीच लागते ना?" लागते. पण ती परीक्षा विद्यापीठ घेते. अभिमत विद्यापीठात फी घेणारे, शिकवणारे आणि पदवी देणारे एकच घर असते. बाहेरचे परीक्षक येतात हे खरे. तरी देशभर एकाच मापाने मोजणारी चाळणी शेवटी नाही, फक्त सुरुवातीला आहे. तीही काढली तर उरले काय? एमबीबीएसच्या शेवटी देशभर एकच 'नेक्स्ट' परीक्षा घेण्याची तरतूद २०१९ च्या कायद्यात आहे. जुलै २०२३ मध्ये ती पुढे ढकलली गेली.

"आणि आरक्षणाचे काय?" मेसेजमधली ही ओळ मुद्दाम तपासू. २०२३ मध्ये शून्य पर्सेंटाइल सगळ्यांसाठीच झाले, खुल्या प्रवर्गालाही. जानेवारी २०२६ मधली उणे ४० ची रेषा राखीव प्रवर्गांसाठी होती, हे खरे. पण सरकारी महाविद्यालयातल्या राखीव जागांसाठी चुरस इतकी असते की हव्याशा विषयांच्या जागा या रेषेच्या कितीतरी वर संपतात. तळाच्या गुणांवर क्लिनिकल जागा मिळते ती जिथे फी भरायला फारसे कुणी उरत नाही तिथे. व्यवस्थापन कोट्यात किंवा अभिमत विद्यापीठात जातीचे आरक्षण नसते. तिथे एकच आरक्षण चालते: पैशाचे. त्याच्या नावाने मेसेज फिरत नाहीत.

यात तुमचे काय जाते?

दोन गोष्टी जातात. एक, तुमच्या गावात येऊ शकला असता असा हुशार, साध्या घरातला तज्ज्ञ जातो. त्याची जागा दुसऱ्याने विकत घेतलेली असते. दोन, तुमचा खिसा. कोट रुपये घालून बाहेर पडलेला प्रत्येक डॉक्टर वाईट वागतो असे मी म्हणणार नाही. उत्तम काम करणारे माझे मित्र त्यांत आहेत. पण डोक्यावर कोटीचे कर्ज असलेल्या माणसावर दडपण येतेच. ते दडपण नको असलेल्या तपासण्यांत, कट प्रॅक्टिसमध्ये आणि बिलाच्या आकड्यात उतरायला वेळ लागत नाही. डॉक्टरच्या शिक्षणाची फी कुणीतरी भरतेच. शेवटी ती पेशंट भरतो.

म्हणून मागणी साधी असावी. क्लिनिकल विषयांसाठी किमान गुणांची रेषा ठेवा आणि ती प्रवेशाच्या मध्यावर हलवू नका. दुसऱ्या फेरीनंतर खासगी जागा रिकामी राहिली तर तिची फी सरकारी दरावर आणा आणि गुणवत्ता यादीतल्या पुढच्या उमेदवाराला द्या. शिकवण्याच्या विषयांना विद्यार्थी हवे असतील तर त्या शिक्षकांची पदे भरा, पगार वाढवा. आणि प्रत्येक महाविद्यालयाला दरवर्षी विषयवार जाहीर करायला लावा: शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला आणि फी किती घेतली. हे दोन आकडे शेजारी शेजारी छापले की माझ्यासारख्याला लेख लिहावा लागणार नाही.

तुम्ही काय कराल? डॉक्टरला मार्क विचारू नका. त्याची पदवी आणि नोंदणी बघा. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे ती नोंदलेली असते. तपासणी सांगितली तर ती का, हे विचारा. तो तुमचा हक्क आहे. आणि तुमचे खासदार, आमदार मते मागायला आले की एवढेच विचारा: गुण उतरवता येतात, मग फी का उतरवता येत नाही?

काकांनी जाताना तो मेसेज माझ्यासमोरच डिलीट केला. मग दारात थांबून म्हणाले, "माझी नात यंदा एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला पुढे काय सांगू?"

मी म्हटले, "अभ्यास कर, असेच सांगा." पण खरे सांगतो, एवढ्यावर तिला जागा मिळेल असे मला छातीठोकपणे म्हणता आले नाही. ते म्हणता यावे यासाठीच हा लेख.