दोन वर्षांत आकाश मावत नाही

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. पल्सारच्या, म्हणजे ठरावीक ठोक्यांनी संकेत देणाऱ्या ताऱ्यांच्या, संकेतांसोबत त्या आसपासच्या मोबाइलचा आणि विजेच्या तारांचा गोंगाटही टिपतात. तो निपटून काढण्यातच माझे महिने जातात. त्याआधी प्रस्ताव लिहायचा, दुर्बिणीची वेळ मिळते का याची वाट पाहायची. एवढ्यात दोन वर्षांची पोस्टडॉक फेलोशिप संपत येते. (आई विचारते, ‘कायम कधी होणार?’) पुढच्या अर्जात मोजतात ते शोधनिबंध.

याउलट, २०२३ मध्ये पल्सारांच्या ठोक्यांतून अतिशय कमी वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरींची चाहूल लागली. युरोपीय संशोधक गटाच्या सुमारे २५ वर्षांच्या नोंदींना त्यात जीएमआरटीच्या नोंदींची जोड होती. असलं काम हवं, तर निरीक्षकांना सलग पाच वर्षं द्या. नाहीतर माझ्यासारखे लोक झटपट छापून येणारे प्रश्नच निवडतील.